पायझोमीटर नेमकं काय मोजतो: दाब की दबणं?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात बालेवाडीला तीन तळघरांच्या इमारतीसाठी खोदाई चालू आहे. विचारणारे तिथे साइट इंजिनिअर, नोकरीचं पहिलंच वर्ष. खड्ड्याच्या कडेला कातळात एक व्हायब्रेटिंग वायर पायझोमीटर (जमिनीतल्या पाण्याचा दाब ताणलेल्या तारेच्या कंपनांवरून मोजणारं यंत्र) बसवला आहे आणि त्याच्यापासून दोन मीटरवर, त्याच खोलीला, एक साधा स्टँडपाइप, म्हणजे वर उघडी नळी, जिच्यात पाण्याची पातळी मोजतात. दोन्हींमध्ये रोज सुमारे ६५ सेंटिमीटर पाण्याचा फरक येतो. वायरवाला कमी दाखवतो. ठेकेदार म्हणतो यंत्रच खराब आलंय, पुरवठादार म्हणतो बसवताना चूक झाली. त्यातच त्यांच्या धाकट्या बहिणीच्या बी.एस्सी.च्या पुस्तकात पायझोमीटर म्हणजे ‘द्रवाची संपीड्यता मोजण्याचे उपकरण’ असं लिहिलेलं निघालं; संपीड्यता म्हणजे दाबाने आकसण्याचा गुण. ‘मग आम्ही जमिनीत पुरलंय ते नक्की काय आहे,’ असा त्यांचा शेवटचा सवाल.

सव्वीस वर्षं मी हेच काम करते आहे. आधी मातीची धरणं, मग बोगदे, आता बहुतेक तळघरं. हा शेवटचा सवाल मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर तुमच्याच खड्ड्यात मिळतं. पण आधी ६५ सेंटिमीटर, कारण त्यावर तुमचं काम अडलं आहे.

यंत्र बहुधा ठणठणीत आहे आणि बसवणाऱ्यानेही चूक केलेली नाही. तो फरक पुण्याच्या उंचीचा आहे.

व्हायब्रेटिंग वायरच्या नळकांड्यात पुढे सच्छिद्र फिल्टर असतो, त्यामागे पोलादाचा पातळ पडदा, आणि पडद्याला ताणून बांधलेली एक बारीक तार. तारेभोवतीची पोकळी हवा काढून कायमची बंद केलेली असते. रीडआउट, म्हणजे आकडा दाखवणारी पेटी, लावला की शेजारचं वेटोळं तारेला विजेचा झटका देतं आणि तार गुणगुणते. पाण्याने पडदा आत ढकलला की तार सैल पडते, तंबोऱ्याची खुंटी उतरवावी तसा सूर खाली येतो. सुराच्या वारंवारितेचा वर्ग तारेतल्या ताणाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून त्यावरून दाब निघतो. आता पोकळी बंद असल्यामुळे पडद्याला पाण्याचा दाब कळतो आणि पाण्यावर बसलेल्या हवेचाही. स्टँडपाइप मात्र वर उघडा आहे. त्यात हवा नळीतल्या पाण्यालाही दाबते आणि बाहेरच्यालाही, म्हणून ती हिशेबातून आपोआप वजा होते.

वायरवाल्यात ती आपल्याला वजा करावी लागते, आणि ते काम ‘शून्य वाचन’, म्हणजे यंत्रावर पाण्याचा दाब नसतानाचं रीडिंग, करतं. तुमच्या माणसांनी यंत्रासोबतच्या प्रमाणपत्रावर छापलेलं कारखान्यातलं शून्य तसंच धरलं असणार. तो कारखाना समुद्रसपाटीजवळ असेल तर तिथे हवेचा दाब होता सुमारे १०१३ मिलिबार. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच. इथे हवेचा दाब ९४८ मिलिबारच्या आसपास असतो. म्हणजे पुण्यात जेवढी हवा नाहीच, तेवढीही आपण वजा करतो आहोत. ६५ मिलिबार म्हणजे ६.५ किलोपास्कल, म्हणजे ६६ सेंटिमीटर पाणी. एक मिलिबार म्हणजे साधारण एक सेंटिमीटर पाणी, एवढं लक्षात ठेवलं की साइटवर उभ्या उभ्या हिशेब होतो. तुमच्या ३५० किलोपास्कलच्या यंत्राची अचूकता पूर्ण पल्ल्याच्या ०.१ टक्का धरली तरी चूक साडेतीन सेंटिमीटरची. ६५ ची नव्हे. आणि फरकाची दिशाही जुळते: वायरवाला कमीच दाखवायला हवा. तो जास्त दाखवत असता तर मी दुसरीकडे शोधलं असतं.

खात्री करून घ्या. प्रमाणपत्रावर कोपऱ्यात कुठेतरी शून्य घेतानाचा बॅरोमीटरचा आकडा असतो, तो पाहा आणि इथला त्यातून वजा करा. फक्त इथला आकडा मोबाइलवरच्या हवामानाच्या पानावरून उचलू नका. तिथे दाखवतात तो दाब समुद्रसपाटीला उतरवून दिलेला असतो, म्हणून पुण्यालाही १०१० वगैरे दिसतो आणि माणूस आणखी गोंधळतो. ज्या फोनमध्ये दाबाचा स्वतःचा सेन्सर असतो तो खरा स्थानिक दाब दाखवतो. नाहीतर एक साधा बॅरोमीटर साइट ऑफिसच्या भिंतीवर लावा. पुढच्या यंत्राला शून्य स्वतः घ्या: फिल्टर भिजवलेला, यंत्र बोअरमधल्या पाण्याच्या पृष्ठभागालगत सावलीत टांगून ठेवलेलं, रात्रभर तापमान स्थिरावू दिलेलं, आणि सकाळी रीडिंगच्या शेजारी बॅरोमीटरचा आकडा आणि वेळ लिहिलेली. वहीत हे तीन आकडे एका ओळीत नसतील तर ते शून्य मी मान्य करत नाही, मग घेणारा कितीही अनुभवी असो.

आता पायझोमीटर या शब्दाकडे. मूळ ग्रीक आहे. ‘पिएझेइन’ म्हणजे दाबणं. तुमचं यंत्र आणि बहिणीच्या पुस्तकातलं यंत्र, दोघांचाही त्या नावावर हक्क आहे, आणि हक्काने पाहिलं तर पुस्तकातलं थोरलं.

सतराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या अकादमीत पाण्याने भरलेला चांदीचा पोकळ गोळा हातोड्याने ठोकून पाहिला होता. गोळा चेपला, तशी पाण्याची दवासारखी थेंबं धातूतून बाहेर आली, पण पाणी काही आकसलेलं दिसलं नाही. पाणी दबत नाही, हे मत त्यानंतर शंभर वर्षं टिकलं. १७६२ मध्ये जॉन कँटन यांनी बारीक नळीच्या काचेच्या भांड्यात पाणी भरून, वरचा हवेचा दाब काढून आणि वाढवून दाखवलं, की नळीतली पातळी हलते. हलणं अगदी थोडं, पण नक्की. मग १८२० च्या सुमारास जेकब पर्किन्स यांनी आपल्या यंत्राला ‘पायझोमीटर’ हे नाव दिलं. पाण्याने भरलेलं नळकांडं, त्यात घट्ट सरकणारा दांडा, दांड्यावर एक लवचीक कडं. खोल पाण्यात सोडलं की दांडा आत जायचा, वर काढलं की बाहेर यायचा आणि कडं मात्र जिथे सरकलं तिथेच थांबायचं. खाली पाणी किती दबलं, ते वर आल्यावर कड्यावरून वाचायचं.

१८२२ मध्ये हान्स क्रिस्टियन ओर्स्टेड यांनी जो पायझोमीटर केला तो मला या सगळ्यात सुंदर वाटतो. हेच ते ओर्स्टेड, ज्यांनी विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे दाखवलं. त्यांची अडचण अशी होती: पाण्याला भांड्यात घालून आतून दाबलं तर भांडंच फुगतं, आणि पाणी दबलं म्हणून पातळी उतरली की भांडं फुगलं म्हणून, हे कळत नाही. त्यांनी ते छोटं भांडंच पाण्याने भरलेल्या मोठ्या जाड काचेच्या नळकांड्यात ठेवलं आणि वरून स्क्रूने दट्ट्या आवळला. आता दाब छोट्या भांड्याच्या आतही तेवढाच, बाहेरही तेवढाच. ते फुगायचं कारणच उरलं नाही. शेजारी एक उलटी नळी, तिच्यात कोंडलेली हवा. हवा निम्मी झाली की दाब दुप्पट, बॉइलच्या नियमाने. एकाच पात्रात दोन नळ्या: एकीत हवा दबते, तिच्यावरून दाब वाचायचा, दुसरीत पाणी दबतं, तिच्यावरून संपीड्यता वाचायची. बहिणीला सांगा, परीक्षेत ही आकृती काढताना हवेची नळी विसरू नकोस. अर्धं यंत्र तीच आहे.

आजचा आकडा असा, की २० अंश तापमानाला एका वातावरणाइतक्या दाबाने पाण्याचं आकारमान दहा लाखात सुमारे ४६ भाग कमी होतं. यातही एक मेख होती. दोन्हीकडून सारखा दाब आला तरी भांड्याची काच स्वतः थोडी आकसतेच, आणि तिच्याबरोबर भांड्याची आतली जागाही. काच पाण्याच्या साधारण विसाव्या हिश्शाने दबते, म्हणून उत्तर पाच टक्क्यांच्या आसपास चुकतं. ही दुरुस्ती नीट बसवायला पुढची पंचवीसेक वर्षं गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ रेन्यो यांनी ती मार्गी लावली. मोजणाऱ्या भांड्याचा स्वभाव आकड्यात मिसळतो, आणि तो वेगळा काढल्याशिवाय आकडा पदार्थाचा होत नाही, ही गोष्ट माझ्या कामात रोज पुन्हा भेटते.

भांडं टाळून संपीड्यता काढण्याचाही एक मार्ग आहे. १८२६ मध्ये स्विस शास्त्रज्ञ कोलाडों यांनी जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून दुसऱ्या काठाजवळ आवाज पोचायला लागणारा वेळ मोजला. पाणी ८ अंशांचं, वेग निघाला सेकंदाला १४३५ मीटर. वेगाच्या वर्गाला घनतेने गुणलं की बल्क मॉड्युलस, म्हणजे पदार्थ दबायला किती ताठ आहे त्याचं माप, मिळतो: २.०६ गिगापास्कल. पदार्थ जितका ताठ तितका आवाज वेगाने जातो. भांडं नाही, दट्ट्या नाही, काचेची दुरुस्ती नाही.

आता जमीन. इथे ‘दबणं’ म्हणजे काय ते पुणेकराला समजवायला काळी माती पुरते. कन्सॉलिडेशनच्या (ओझ्याखाली पाणी निघून जाऊन माती दबण्याच्या) चाचणीत ६० मिलिमीटर व्यासाच्या, २० मिलिमीटर जाडीच्या पितळी कड्यात माती बसवतात, वरखाली सच्छिद्र दगड ठेवतात, वजन दर चोवीस तासांनी दुप्पट करत जातात आणि डायल गेज वाचतात. आयएस २७२० या भारतीय मानकाचा पंधरावा भाग. या यंत्राला ओडोमीटर म्हणतात, आणि हे मातीचं संपीड्यतामापकच आहे. समजा १०० किलोपास्कलला एक मऊ ओली माती दोन टक्के दबली, म्हणजे ०.४ मिलिमीटर. त्याच कड्यात नुसतं पाणी कोंडून तेवढाच दाब दिला असता तर ते दबलं असतं ०.९ मायक्रॉन. चारशे पटींहून जास्त फरक. कण दबत नाहीत, पाणीही जवळपास दबत नाही. कणांचा सांगाडा आपली मांडणी बदलतो आणि मधलं पाणी निघून जातं.

पण पाणी निघून जायला वेळ लागतो. चिकण मातीत फार लागतो. मग वजन ठेवल्याच्या पहिल्या क्षणी ते कोण पेलतं? जो जास्त ताठ आहे तो. सांगाडा मऊ, पाणी ताठ, म्हणून सगळं ओझं आधी पाण्यावर येतं आणि छिद्रजलाचा, म्हणजे कणांमधल्या पाण्याचा, दाब एकदम चढतो. मग पाणी जसं झिरपून जाईल तसं ओझं हळूहळू सांगाड्याच्या खांद्यावर उतरतं. कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात हे गणितात बसवलं आणि आमचा सगळा विषय त्यावर उभा राहिला.

मातीची धरणं याच हिशेबावर उभी असतात किंवा पडतात. भराव चढवला की गाभ्यातल्या पाण्याचा दाब वाढतो, आणि जितका दाब पाण्यावर तितकी कणांची एकमेकांवरची पकड कमी. माझी आजी नारायण पेठेत राहायची. १२ जुलै १९६१ ची, पानशेत फुटलं त्या दिवसाची, गोष्ट तिने आम्हा भावंडांना किती वेळा सांगितली असेल. वाड्याच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते ती हात वर करून दाखवायची. पानशेत मातीचं धरण होतं आणि त्याचं बांधकाम अजून पुरं व्हायचं होतं. मी या कामात आले त्याला ती भिंत कारणीभूत आहे. धरणाच्या पोटात पाणी कुठवर चढलंय हे बाहेरून दिसत नाही. पायझोमीटरलाच ते दिसतं.

म्हणून तो खरं सांगतो की नाही याची मला फार काळजी असते, आणि सगळ्यात जास्त काळजी हवेच्या बुडबुड्याची. त्याचं गणित एकदा मांडून पाहा. पाण्याचा बल्क मॉड्युलस २० अंशांना २.२ गिगापास्कल. वातावरणाच्या दाबाला हवेचा ०.१ मेगापास्कल. म्हणजे हवा पाण्यापेक्षा बावीस हजार पट मऊ. नळीतल्या पाण्यात आकारमानाने फक्त एक टक्का हवा राहिली तर त्या मिश्रणाचा मॉड्युलस उतरतो १० मेगापास्कलवर. दोनशे पटींनी मऊ! दिसायला तेच पाणी, पण ओझं पेलायची वेळ आली की ते स्पंजासारखं वागतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी हे महागात शिकले. एका धरणाच्या गाभ्याच्या मातीवर ट्रायॅक्सियल चाचण्या (नमुना चहूबाजूंनी दाबून त्याची ताकद मोजण्याच्या) चालल्या होत्या. त्यात आधी स्केम्प्टन यांचा ‘बी’ गुणांक बघतात: नमुन्याभोवतीचा दाब वाढवला तर त्यातला किती हिस्सा आतल्या पाण्यावर येतो. पूर्ण भिजलेल्या मऊ मातीत तो १ च्या जवळ यायला हवा, ०.९५ च्या पुढे गेला की चाचणी सुरू करायची. माझा ०.६ वर अडकला. मी अहवालात ‘नमुना संपृक्त होत नाही’ असं लिहिलं, माती बदलली, पुन्हा ०.६. तीन आठवडे गेले. शेवटी प्रयोगशाळेतल्या जुन्या मदतनीस काकांनी पायथ्याखालची नायलॉनची नळी बोटाने टिचकी मारून दाखवली. वळणावर ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा बसला होता. माती पहिल्या दिवसापासून बरोबर होती, मी त्या बुडबुड्याची संपीड्यता मोजत होते. त्यानंतर मी पाणी उकळून, निर्वात करून वापरल्याशिवाय नळ्या भरत नाही, आणि बॅक प्रेशर, म्हणजे नमुन्यातल्या पाण्यालाच मुद्दाम दिलेला दाब, द्यायला कधी कंटाळत नाही. ३०० किलोपास्कल बॅक प्रेशर दिलं की बुडबुडा पाव होतो आणि उरलेला हळूहळू पाण्यात विरघळतो.

तुमच्या साइटवर हाच बुडबुडा फिल्टरमध्ये बसू शकतो. कोरडा फिल्टर घाईने बोअरमध्ये सोडला की बसतोच. विशेषतः बारीक छिद्रांचा सिरॅमिक फिल्टर असेल तर तो निर्वात भांड्यात भरावा आणि पाण्याच्या पिशवीतच बोअरपर्यंत न्यावा. बुडबुड्यामुळे आकडा शेवटी चुकतो असं नाही. तो उशिरा येतो. पडदा हलण्याआधी बुडबुडा दबायला हवा, आणि त्यासाठी लागणारं पाणी आजूबाजूच्या जमिनीतून यायला हवं.

उशिराचा हा मुद्दा स्टँडपाइपला जास्त लागू आहे. २५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत पातळी एक मीटर चढायला जवळपास अर्धा लिटर पाणी आत यावं लागतं. वायरवाल्याचा पडदा मायक्रॉनमध्ये हलतो, त्याला थेंबभरही लागत नाही. घट्ट काळ्या मातीत किंवा बिनभेगांच्या कातळात अर्धा लिटर जमायला दिवसच्या दिवस जातात. म्हणून पावसानंतर दोन्ही लगेच जुळले नाहीत तर घाबरू नका, पण तो फरक रोज बदलेल. तुमचा ६५ वर ठाम आहे, त्यावरूनही तो हवेच्या दाबाचा आहे हे मला पटलं.

थोडं विषयांतर, पण भोसरी-चाकणला काम करणारे वाचक असतील त्यांच्यासाठी. प्रेसच्या हायड्रॉलिक तेलाचा मॉड्युलस १.५ गिगापास्कल धरला, तर २०० बारला दहा लिटर तेल सुमारे १३० मिलिलिटर आकसतं. व्हॉल्व्ह झटकन उघडला की ते एकदम मोकळं होतं आणि पाइपांना दणका बसतो. सील जातात ते अनेकदा यामुळे. तेलात हवा शिरली की प्रेस ‘मऊ’ लागतो, ते वरच्याच गणिताने. गेज तर सगळीकडे बूर्डनचं, १८४९ पासूनचं: चपटी वाकवलेली नळी दाबाने उलगडते, जत्रेतली कागदी पिपाणी फुंकल्यावर उलगडते तशी. ते तपासायला डेड वेट टेस्टर, म्हणजे ठराविक वजनं ठेवून माहीत असलेला दाब देणारं यंत्र, वापरत असाल तर वजनांवर लिहिलेला दाब प्रमाण गुरुत्वासाठी, म्हणजे ९.८०६६५ साठी आहे का ते बघा. पुण्यात गुरुत्व ९.७८ च्या थोडं वर आहे. फरक ०.२ टक्क्यांहून जास्त पडतो, आणि ०.१ टक्क्याच्या गेजला तो नापास करायला पुरतो.

आता परत तुमच्या खड्ड्याकडे, कारण मूळ सवालाचं उत्तर बाकी आहे. कातळावर ओझं आलं की तेही पाणी आणि सांगाडा यांच्यात वाटलं जातं, मातीसारखंच. फक्त इथे सांगाडाही ताठ आहे, म्हणून वाटणी बरीच सारखी होते. पाण्याच्या वाट्याला येणारा हिस्सा काढायचा तर सांगाड्याची संपीड्यता घ्यायची, आणि तिला भागायचं सांगाड्याची संपीड्यता अधिक सच्छिद्रता गुणिले पाण्याची संपीड्यता यांच्या बेरजेने. एक उदाहरण: बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला बसाल्ट, सच्छिद्रता दहा टक्के, सांगाड्याचा मॉड्युलस २० गिगापास्कल. हिस्सा निघतो ०.५२. मऊ ओल्या चिकण मातीला हेच गणित लावा, ०.९९ च्या पुढे जातो. स्केम्प्टन यांचा ‘बी’ आतून हाच आहे.

आणि हे ओझं द्यायला क्रेन लागत नाही. हवा रोज देते. आपल्या अक्षांशाला हवेचा दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमाराला सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमाराला कमी, फरक साधारण ३ ते ४ मिलिबार. हे ओझं जमिनीवर सगळीकडे सारखं पडतं. तुमचा पायझोमीटर वरून बंद असलेल्या थरात असेल, म्हणजे वर अखंड कातळ किंवा तांबड्या मातीचा घट्ट पट्टा आहे आणि बोअर बंद करणारा बेंटोनाइटचा (पाण्याने फुगणाऱ्या चिकण मातीचा) बूच नीट बसला आहे, तर त्या ३-४ मिलिबारपैकी पाण्याच्या वाट्याचा हिस्साच त्याला दिसेल. स्टँडपाइपमध्ये मात्र हवा नळीतून पूर्ण ताकदीने खाली दाबते आणि थरातलं पाणी अर्ध्याच ताकदीने वर ढकलतं, म्हणून सकाळी दहाला तिथली पातळी उतरलेली दिसेल. दुपारी चारला चढेल. पाऊस नाही, पंप नाही, तरी पातळी खालीवर होते म्हणून मला दरवर्षी कोणीतरी फोन करतं; बहुतेक वेळा उत्तर हेच असतं.

म्हणजे दाब मोजायला पुरलेलं यंत्र हवेच्या ओझ्याखाली कातळ किती दबतो ते सांगतं. ओर्स्टेड यांच्या पात्रातल्या दोन नळ्या तुमच्या साइटवर आहेत: दाब दाखवणारी भिंतीवरचा बॅरोमीटर, आणि दबणं दाखवणारी बारा मीटर खाली गाडलेली. बहिणीचं पुस्तक आणि तुमचं ड्रॉइंग दोन्ही खरं बोलतात.

तर असं करा. डेटालॉगर असेल तर दर पंधरा मिनिटांनी, नसेल तर रोज सकाळी दहा आणि दुपारी चारला, आठवडाभर वायरवाल्याचं कच्चं रीडिंग आणि बॅरोमीटर एकत्र लिहा. हवेची दुरुस्ती लावू नका, कच्चंच ठेवा. खड्ड्यातले पंप त्या काळात एकाच गतीने चालू द्या. दहा ते चारमध्ये पायझोमीटर किती बदलला, भागिले हवा किती बदलली, हा भागाकार काढा. ०.४ ते ०.७ च्या आसपास आला तर थर बंद आहे, बूच चांगला आहे, आणि सच्छिद्रतेचा अंदाज घेऊन सांगाड्याचा मॉड्युलस तुम्ही स्वतः काढू शकाल. १ च्या अगदी जवळ आला तर दोन शक्यता: यंत्र मऊ थरात आहे, किंवा बुचातून हवेला वाट मिळते आहे. बोअरच्या लॉगमध्ये त्या खोलीला कडक कातळ लिहिलेला असेल तर बुचावर संशय घ्या, आणि खोदाई तिसऱ्या तळघराला पोचायच्या आत शेजारी दुसरा पायझोमीटर मागून घ्या. आठवड्याचे आकडे मिळाले की इथेच लिहा, सोबत प्रमाणपत्राच्या शून्याशेजारचा बॅरोमीटरचा आकडाही. आपण मिळून पाहू.